गोरोंगोरोचा रखवालदार कोण?

टांझानियातील गोरोंगोरोचे विवर हे जगातील धनिक पर्यटकांचे एक आवडते ठिकाण आहे. सुमारे ६०० मीटर खोल अशा या ज्वालामुखी-विवराच्या तळावर सिंह, हत्ती आणि गेंडे वावरतात, तर काठावर आलिशान निवासस्थाने उभी आहेत. अलीकडे मुंबई-पुण्याकडील सुखवस्तू मंडळीही तेथे जाऊ लागली आहेत. निसर्गाची ओढ असण्यात गैर काहीच नाही. परंतु 'मानवी स्पर्श न झालेला प्रदेश' म्हणून जो विकला जातो, तो पिढ्यान् पिढ्या मासाई पशुपालकांच्या वहिवाटीचा मुलूख आहे. हे सत्य जाहिरातीतून वगळले जाते, हा आमचा आक्षेप आहे.

मासाई परंपरेने वन्य प्राण्यांचे मांस खात नाहीत. वाइल्डबीस्ट प्राण्यांचे कळप विण्यासाठी मैदानात उतरले, की त्यांच्यापासून गुरांना होणाऱ्या रोगाच्या भयाने हे लोक आपली गुरे डोंगराकडे नेतात. एकच कुरण असे दोघांना पुरते. ज्यांच्या सहवासात ही जनावरे टिकली, त्यांनाच आज निसर्गाचे शत्रू ठरविले जात आहे.

१९५९ मध्ये ब्रिटिश वसाहती सत्तेने मासाईंना सेरेनगेटीतून बाहेर काढले. त्या बदल्यात गोरोंगोरोत त्यांचे हितसंबंध वन्य प्राण्यांच्याही आधी पाहिले जातील, असे आश्वासन देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर काय घडले? १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्याने समाजवादाचा मार्ग स्वीकारलेल्या न्येरेरे यांच्या राजवटीतच १९७४ मध्ये विवराच्या तळावरील वस्त्या उठविण्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी शेतीवर बंदी आली. समाजवादी देशाने परकीय पर्यटकांच्या चैनीवर विसंबावे काय, असा प्रश्न दार-एस-सलाममधील तरुणांनी १९७० मध्येच जाहीरपणे विचारला होता. त्या वादाचे इसा शिवजी यांनी संपादित केलेले पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. जमीन सरकारच्या नावावर झाली म्हणजे ती जनतेची झाली असे होत नाही, हा या इतिहासाचा धडा समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

पुढची पायरी अधिक क्रूर होती. शेजारच्या लोलिओंदोमधील शिकारीचे हक्क १९९२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील एका कंपनीस देण्यात आले. जून २०२२ मध्ये तेथील १,५०० चौरस किलोमीटर जमिनीभोवती सरकारने सीमाखुणा रोवल्या. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, अनेक जण जखमी झाले, एक पोलीसही मारला गेला आणि कित्येक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. गोरोंगोरोतील लोकांना सुमारे ६०० किलोमीटर दूर म्सोमेरा येथे हलविण्यात येत आहे. हे स्थलांतर ऐच्छिक आहे, असे सरकार म्हणते. शाळा आणि दवाखान्यांचा निधी आटवून लाभलेल्या संमतीला ऐच्छिक कसे म्हणावे, असा रहिवाशांचा सवाल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाईंनी पर्यटकांच्या मोटारींचा रस्ता रोखून धरला, तो याच असंतोषातून.

गोरोंगोरोतील लोकसंख्या १९५९ मध्ये सुमारे आठ हजार होती, ती लाखाच्या घरात गेली, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. चराईवर ताण पडतो, हे खरे आहे. पण भार मोजायचा तर तो सर्वांचाच मोजला पाहिजे. गुरांची खिल्लारे मोजायची आणि हॉटेलांना लागणारे पाणी, रस्ते व मोटारी मात्र हिशेबाबाहेर ठेवायच्या, याला न्याय म्हणता येणार नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि तेथील कोरकूंची गावेही उठविली गेली आहेत. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा स्थलांतरापूर्वी हक्कांची निश्चिती आणि ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण व लेखी संमती आवश्यक ठरविली आहे. मासाईंच्या हाती नसलेले हे साधन आपल्या आदिवासींच्या हाती आहे. आपल्या भागात अभयारण्याची हद्द वाढत असेल किंवा निसर्ग-पर्यटनाचा नवा प्रकल्प येत असेल, तर त्या ग्रामसभेचा ठराव खरोखर झाला काय, आणि तो कोणत्या परिस्थितीत झाला, याची चौकशी कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष गावात जाऊन केली पाहिजे.