ग्रंथालय संघाने आता जंगलात यावे
– एक वकील कार्यकर्ता

गडचिरोलीच्या जंगलात वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाचे मोल शासनदरबारी किती, याचा हिशेब एकदा झाला पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली खेड्यातले छोटे वाचनालय 'ड' वर्गात मोडते. २०२२ साली शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा या वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झाले. त्यातले निम्मे ग्रंथपालाला दिले तरी महिन्याला दोन हजार होतात. म्हणजे दिवसाला सत्तर रुपयेसुद्धा नाहीत. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजूरही याहून जास्त कमावतो.

पगाराचा झगडा शासनाशी आहे आणि तो लढावाच लागेल. परंतु एक प्रश्न ग्रंथालय संघांनाही विचारला पाहिजे. राज्याचा संघ आहे, विदर्भाचा आहे, जिल्ह्याजिल्ह्याचे आहेत. मग कोरचीच्या, एटापल्लीच्या, जिवतीच्या ग्रंथपालाला आपल्या पाठीशी कुणी आहे असे वाटते काय? सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे आपण कित्येक पावसाळे पाहत आलो. दोन हजारांवर राबणाऱ्याने पदरमोड करून जिल्ह्याच्या बैठकीला यावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याने यायचे नाही, संघाने जायचे.

'तिकडे जाणार कोण?' ही सबब आता चालणार नाही. गडचिरोली पोलिसांनी 'एक गाव, एक वाचनालय' उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालये उघडली. खाकी वर्दी पुस्तके घेऊन तिथे पोहोचते, तर ज्यांचे कामच पुस्तकांचे ते का पोहोचत नाहीत?

आणि हे काम किरकोळ समजू नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवले, कायदा समजून घेतला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. कायद्याची प्रत मुंबईच्या कपाटात असून भागत नाही, ती गावात वाचली जावी लागते. ज्या बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यांच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून संघांकडे तीन मागण्या. ग्रंथपालन प्रमाणपत्राचे वर्ग अहेरी आणि राजुऱ्यातही भरवा, येण्याजाण्याचा खर्च संघाने सोसावा. वर्षातून एकदा तरी पदाधिकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात जाऊन ग्रंथपालांच्या पगाराच्या व अनुदानाच्या तक्रारी लेखी घ्याव्यात आणि त्या ग्रंथालय संचालनालयापुढे मांडाव्यात. गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्या वाचकांसाठी कोणती पुस्तके हवीत, हे तिथल्या ग्रंथपालालाच विचारून यादी करावी.

आपल्या चळवळीतल्या वकिलांनी त्या तक्रारींचे अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. आपल्या शिक्षकांनी संघाचे सभासद व्हावे आणि वार्षिक सभेत उभे राहून विचारावे: यंदा तुम्ही भामरागडला कधी गेला होता?