उष्मांक भरले, आहाराचे काय?

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० उष्मांक लागतात, तेवढे पोटात गेले की झाले, असे मत सुशिक्षित घरांतही ठामपणे मांडले जाते. मोबाइलवर उष्मांक मोजणारे आणि ‘दोन वेळा पोटभर भात-भाकरी मिळते, मग अडले कुठे?’ असे विचारणारे, दोघेही मुळात हेच म्हणत असतात. हे मत अपुरे आहे आणि त्याची किंमत आपले शरीर मोजते आहे.

या मताला इतिहास आहे, हे मान्य करायला हवे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना दरडोई रोज २२५० उष्मांकांचा निकष धरला. पुढे नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक ठरवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली: एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, मग सरासरीखालच्या प्रत्येकाला कुपोषित कसे ठरवायचे? वाद मोलाचा होता, पण तो उपासमार मोजण्याचा होता. किती लोक उपाशी आहेत हे सांगणाऱ्या आकड्यावरून काय खावे ते ठरत नाही.

शिवाय हा आकडा सर्वांना सारखा नाहीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला २११० उष्मांक पुरतात, अतिकष्टाचे काम करणाऱ्याला ३४७० लागतात. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. ‘आमचे आजोबा पाच भाकऱ्या खायचे, त्यांना काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथेच निकालात निघतो. आजोबा त्या भाकऱ्या नांगरामागे चालून जिरवत होते.

उष्मांकवाद्यांना सर्वांत ठोस उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतून मिळाले. तिथल्या गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकारमानाशी ठळक संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा मात्र स्पष्ट दिसला.

दुसऱ्या टोकाला ‘भात-पोळी म्हणजे विष’ सांगणारे आहेत. त्यांचेही खरे नाही. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना धान्याला हद्दपार करत नाहीत, एकूण उष्मांकांत त्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा म्हणतात. आपल्याकडे तो ५० ते ७० टक्क्यांवर जातो, तर डाळी, मांस, मासे मिळून १४ टक्के हवेत तिथे सहा ते नऊ टक्केच भरतात. म्हणजे दोष धान्याचा नाही, त्याने बळकावलेल्या जागेचा आहे.

मग ताट कसे असावे? २००० उष्मांकांसाठी याच सूचना दिवसाचे माप देतात: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, दाणे व तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. धान्य-डाळींची मापे कच्च्या मालाची आहेत. वाटीभर पातळ वरणात २५-३० ग्रॅमहून जास्त डाळ क्वचितच असते. एवढ्यावर दिवसाची डाळ झाली असे समजू नये.

एक नेहमीचा डबा उघडून पाहा: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, मूठभर भात, लोणच्याची फोड. दिवसाचे जवळजवळ एक तृतीयांश उष्मांक इथे भरतात, पण डाळ नाही, पालेभाजी नाही, दही नाही, फळ नाही. दोन पोळ्या कमी करून मोडाच्या मटकीची उसळ, दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर आणि वाटीभर दही दिले, तर उष्मांक तेवढेच राहतील आणि डबा आहार म्हणण्याजोगा होईल.

‘हे परवडायचे कुणाला?’ हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. बदाम आणि परदेशी फळे लागत नाहीत. शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, अंबाडी, पेरू आपल्याच मातीतले आहेत. पण डाळ आणि दूध महाग आहे, हे खरेच. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. धान्याच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग सरकार भागवते आणि डाळ बाजारभावावर सोडते. तमिळनाडूने रेशनवर सवलतीत तूरडाळ दिली आहे. महाराष्ट्रानेही ती बारमाही द्यावी.

घराकडूनही एक अपेक्षा आहे. वाढणारी बाई शेवटी जेवायला बसते, तेव्हा पोळ्या उरलेल्या असतात आणि भाजी-वरण तळाला गेलेले असते. तिचे पोट भरते, उष्मांकही भरतात, पण आहार होत नाही. म्हणून डाळ आणि भाजी सगळ्यांना आधी वाढावी, तिचा वाटा आधीच बाजूला काढावा आणि उरलेल्या भुकेला भात-पोळी द्यावी. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.