बांधावरची वाट



२ ऑगस्ट हा दादरा व नगर हवेलीचा मुक्तिदिन. राखोलीच्या पुलावरून दमणगंगेचे पात्र पाहताना एक गोष्ट सहज ध्यानात येते : ही नदी दमणपाशी समुद्राला मिळते, परंतु हवेलीला स्वतःचा किनारा नाही. चहूंकडून भारतीय भूमीने वेढलेला हा मुलूख पोर्तुगीज सत्ता गेल्यावर, १९५४ पासून १९६१ पर्यंत, आपल्या पायांवर उभा राहिला. आणि तोही स्वतःच्या सैन्याविना. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत असे. हे कसे घडले, याचा विचार करणे आम्हांस आज उचित वाटते.

पोर्तुगीज फौज दमणला समुद्रमार्गे येऊ शकत होती. पण तेथून हवेलीत यावयाचे तर मधली भारतीय भूमी ओलांडणे भाग होते. भारताने ती वाट बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : १९५४ साली सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांच्यासाठी नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही.

आमच्या शेतकरी बांधवांना हा न्याय परका वाटू नये. शेजाऱ्याची गाडी बांधावरून जाऊ द्यावी. कोयता उगारून येणाऱ्यास मात्र वाट मागता येत नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हवेली भारतात विलीन झाली, तोवर थोरल्या शेजाऱ्याने अडविलेली ती वाटच तिची तटबंदी होती.

पोपमहाशयांचे व्हॅटिकन राज्यही असेच भूमीने वेढलेले. १९७० साली पोप सहावे पौल यांनी तेथील इतर सशस्त्र दले विसर्जित केली व केवळ स्विस रक्षक ठेवले. लहान राज्याचा खरा आधार शस्त्रे नव्हेत, हे त्यांनी जगास दाखविले.

तथापि हवेलीची मुक्ती रक्ताविना आली नाही. जुलै १९५४ मध्ये स्वयंसेवक दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले, तेव्हा फौजदार अनिसेतो रोझारियो मारले गेले. चालून जाणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत फ्रान्सिस मास्करेन्हस होते. दोन्ही नावे आपल्याच बाप्तिस्म्याच्या वहीत शोभावीत अशी! एकाने नोकरीचे इमान राखले, दुसऱ्याने स्वातंत्र्याची हाक ऐकली. विजयी पक्षाची आठवण दरसाल होते. त्या फौजदाराची कोण काढतो?

गेथशेमनी बागेत पेत्राने तरवार उपसली, ती प्रभूच्याच रक्षणासाठी. तरीही प्रभूने ती म्यान करावयास लावली आणि घायाळ झालेल्या वैऱ्याचा कान बरा केला. हेतू चांगला असला तरी जखम ही जखमच असते.

म्हणून वाचकहो, या २ ऑगस्टला झेंडावंदनास अवश्य जा. सायंकाळी रोझरीनंतर दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा. आणि बांधावरून ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याला घरच्या मुलाकरवी निरोप धाडा की, वाट मोकळी आहे.