‘मॅडम, सब फ्रेश है!’

मुलीचा दहावीचा निकाल लागला आणि तिने बक्षीस काय मागितलं, तर मॉलमधला बर्गर. पुण्याला नणंदेकडे जायचंच होतं. एका शनिवारी जोहरची नमाज आटोपून आम्ही पाच जण निघालो. मी, मुलीचे अब्बू, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अम्मीच म्हणतात. त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की बोलणी कोणाला बसतात, ते पुढे सांगते.

काउंटरमागे तीन मुलं उभी होती, पण ऑर्डर घ्यायला कोणी पुढे येईना. "उधर स्क्रीन पे कीजिए." स्क्रीन माणसाच्या उंचीचा, मला तरी त्यावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा सापडली नाही. मुलांच्या अब्बूंनी बोट लावलं की स्क्रीन विचारणार, चीज जास्त घालू का, मोठा ग्लास हवा का, आणखी चाळीस रुपयांत फ्राइज घेणार का. प्रत्येक पदार्थाखाली कॅलरी लिहिलेल्या. मोठ्या साखळ्यांना त्या लिहाव्याच लागतात, तसा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. एवढी माहिती होती, पण मला हवी होती ती नव्हती. म्हणून मी परत काउंटरवर गेले.

माझ्या पुढे एक ताई होत्या. त्यांनी विचारलं, "व्हेज बर्गर वेगळ्या तेलात तळता ना?" त्या मुलाने शाळेतल्या पाढ्यासारखं उत्तर दिलं. "हो मॅडम, व्हेजचं किचन वेगळं, तेल वेगळं, भांडी वेगळी. व्हेज बनवणारे हिरवा एप्रन घालतात, नॉनव्हेजला हात लावत नाहीत." स्वच्छ मराठीत. ताईंचं समाधान झालं. मलाही ऐकून बरं वाटलं, चला, इथे विचारलेलं चालतं.

मग माझी पाळी. "दादा, चिकन हलाल आहे का?"

तो माझ्या स्कार्फकडे बघत म्हणाला, "क्या मॅडम?" मी मराठीत विचारलेलं, तेही मराठी शिकवणाऱ्या बाईने. पण स्कार्फ दिसला की समोरच्याची भाषा बदलते, याची आता सवय झाली आहे. मी पुन्हा मराठीतच विचारलं. त्याने शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने छताकडे. मग उत्तर आलं, "मॅडम, सब फ्रेश है."

मॅनेजर आले. ते म्हणाले, "कंपनी का माल है मॅडम, ऊपर से आता है." माझा धाकटा हळूच मला म्हणाला, "ऊपर से मतलब आसमान से क्या?" मागे रांग वाढत होती आणि लोक माझ्याकडे असं बघू लागले की जणू मी भांडण उकरून काढत होते. मी फक्त एक प्रश्न विचारला होता. शेवटी आम्ही सगळ्यांसाठी व्हेज मागवलं. मुलीने चिकन बर्गरचं स्वप्न निमूटपणे गिळलं.

आणि ट्रे आला तेव्हा अम्मींच्या वाट्याला चिकनचा बर्गर! कागदावरचा शिक्का मुलीने वाचला म्हणून बरं, नाहीतर अम्मींनी घास घेतलाच होता. परत द्यायला गेले तर बिल दाखवा, मग थांबा, मग दुसऱ्या काउंटरवर जा. वीस मिनिटांनी योग्य बर्गर मिळाला, तोवर बाकीच्यांचे फ्राइज रबरासारखे झाले होते. या सगळ्यात ‘सॉरी’ हा शब्द कोणीही उच्चारला नाही. निघताना मात्र तोच काउंटरवरचा मुलगा धावत आला. "मॅडम, फाइव्ह स्टार दे दीजिए ना, मेरा नाम भी लिख दीजिए." बिलाच्या मागे छापलेला चौकोन त्याने दाखवला.

रागाच्या भरात एक तारा द्यावा असं वाटलं होतं. पण त्या मुलाचं नाव लिहून एक तारा दिला तर काय होईल? कंपनीचा मालक मला कधी दिसणार नाही. तक्रार घसरत घसरत या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पडणार. मी बिल पर्समध्ये टाकलं आणि घरी आले.

माझा एक जुना विद्यार्थी सोलापुरात अशाच एका दुसऱ्या साखळीत कामाला आहे. तो भेटला तेव्हा त्याला हा किस्सा सांगितला. तो हसला. म्हणाला, "टीचर, ट्रेनिंग में व्हेज का जवाब सिखाते. वो रोज पूछते लोग." आत स्क्रीनवर प्रत्येक ऑर्डरची वेळ पळत असते, ठरलेल्या मिनिटांपुढे गेली की ती लाल होते, आणि पगारवाढीच्या वेळी तो लाल रंग मोजला जातो. अशा वेळी कोणी न शिकवलेला प्रश्न विचारला की पोरं गडबडतात. हलालबद्दल त्याच्या मॅनेजरने एवढंच सांगितलेलं, "ज्यादा बात नक्को करो." आणि मग तो जे बोलला ते मला जास्त लागलं. "टीचर, अपने लोग पूछते ही नहीं. या तो खा लेते, या आते नहीं."

मी बी.एड. करताना सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले होते. त्यात एक कौशल्य असं होतं की विद्यार्थ्याने अनपेक्षित प्रश्न विचारला तर शिक्षकाने काय करायचं. ‘मला आत्ता माहीत नाही, विचारून सांगते,’ हे म्हणायलाही सराव लागतो. त्या काउंटरवरच्या मुलाला हे एक वाक्य शिकवलेलं असतं तरी माझी तक्रार उरली नसती. त्याच्या मनात माझ्याविषयी काही वाईट होतं, असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्या अभ्यासक्रमात माझा प्रश्नच नव्हता, एवढंच.

प्रश्न काही अवघड नाही. जनावर कापताना अल्लाहचं नाव घेतलं का, गळ्याची शीर कापून रक्त वाहून जाऊ दिलं का, इतकाच. शिखांच्या धर्मशिस्तीत याच्या नेमकं उलट आहे, त्यांना असं मांस वर्ज्य आहे. म्हणजे एखादे सरदारजी त्याच काउंटरवर येऊन उलट्या बाजूने हाच प्रश्न विचारणार. दोघांनाही खरं उत्तर मिळालं तर दोघांचीही सोय होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटला आहे. दर २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, मी स्वतः मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेते. ‘ग्राहक हा राजा’ असं प्रत्येक निबंधात येतं. हलालची पाटी लावण्याची सक्ती कायद्यात नाही, हे मला माहीत आहे. पण विचारल्यावर सांगायला काय हरकत आहे?

आता आपल्याकडेही बघू. आमच्या शाळेतले एक शाकाहारी सहकारी एकदा हौसेने आमच्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात आले. डाळ मागवली आणि विचारलं, "यातला चमचा वेगळा असतो ना?" वेटर हसून म्हणाला, "अरे साहब, कुछ नहीं होता, खाओ!" गल्ल्यावरचे चाचाही हसले. सरांनी रोटी आणि कांद्यावर जेवण उरकलं, वर "छान होतं" म्हणाले. त्या दिवशी मीही हसले होते. पुण्याच्या त्या काउंटरवर उभी असताना मला सरांचा चेहरा आठवला आणि लाज वाटली. आपलं बिर्याणीचं हॉटेल चाळीस वर्षं चालतंय म्हणून त्याला समोरच्याचा प्रश्न चेष्टेवारी नेण्याचा परवाना मिळत नाही. तिथे तर बिलही मागितल्याशिवाय देत नाहीत.

तर मी घरी येऊन तारे न देता कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल केला. कोणाचंही नाव न घालता. पहिलं उत्तर मिनिटाभरात आलं, अर्थात मशीनचं. ‘असुविधेबद्दल खेद’ आणि पन्नास रुपयांचं कूपन, तेही २९९ च्या वरच्या ऑर्डरवर, सात दिवसांत वापरायचं. मी पुन्हा लिहिलं की मला कूपन नको, उत्तर हवं आहे. आणि उत्तर मिळालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करीन. नवव्या दिवशी एक पीडीएफ आली. चिकन पुरवणाऱ्या कारखान्याचं हलाल प्रमाणपत्र, शिक्क्यासकट, मुदत चालू असलेलं!

म्हणजे चिकन हलालच होतं. मुलगी विनाकारण उपाशी मनाने परतली. कंपनीने पैसे खर्चून प्रमाणपत्र घेतलं, आणि ज्यांच्यासाठी घेतलं त्यांनाच ते सांगायची चोरी. का, याचा अंदाज बांधता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मॅकडोनाल्ड्स इंडियाने (आम्ही गेलो ती साखळी ही नव्हे) ट्विटरवर एका ग्राहकाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं की आमच्या सर्व रेस्टॉरंटकडे हलाल प्रमाणपत्र आहे. लगेच बहिष्काराचा हॅशटॅग सुरू झाला. खरं उत्तर दिल्याची ही किंमत असेल तर बाकीच्यांनी ‘ज्यादा बात नक्को’ हा धडा घेतला यात नवल नाही. मला कंपन्यांची अडचण समजते. पण आमचे पैसे घेताना ती अडचण येत नाही, फक्त उत्तर देताना येते.

मुलगी पुन्हा पुण्याला जाऊ म्हणते आहे. त्या पीडीएफची मी प्रिंट काढली आहे, घडी घालून पर्समध्ये ठेवली आहे. या वेळी काउंटरवरचा मुलगा गडबडला तर त्याच्याच दुकानाचा कागद त्याला दाखवीन, आणि एक झेरॉक्स त्याच्याकडे देऊन येईन. पुढच्या बाईने विचारलं तर त्याला उपयोगी पडेल.