पदवीचा दिवस आणि पेढीची सकाळ

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी सभासदांच्या घरच्या नूतन पदवीधरांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ते पान मी सावकाश पाहतो. मुखावर हास्य असते. पण त्याच मुलांना घरी पाहावे, तर निकालानंतर काही दिवस ती कोठेतरी हरवल्यासारखी वावरतात. पेढे वाटले, अभिनंदनाचे फोन झाले, मग ही हुरहूर कसली, असा प्रश्न आम्हां वडीलधाऱ्यांना पडतो. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी म्हणेल. तथापि घरात दोन मुलगे, एक कन्या आणि आता नात यांच्या पदव्या मी पाहिल्या आहेत, आणि धान्याचा व्यापारी शेत न नांगरताही दाणा पारखतोच.

सुरतेत पहिले महाविद्यालय १९१८ साली सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने काढले; तेच आजचे एम. टी. बी. महाविद्यालय. तत्पूर्वी सुरतेच्या मुलाला बी. ए. व्हावयाचे तर मुंबई, बडोदे किंवा अहमदाबाद गाठावे लागे. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर झाले, त्या रानडे, भांडारकर, वागळे व मोडक यांच्या काळापासून शिक्षण म्हणजे घर सोडणे हे ठरलेलेच होते. त्या मुलाने काय सोडले, काय मिळविले, ते घरच्यांना दिसत असे. आमची मुले रात्री घरीच जेवतात, सकाळी स्कूटरवर अठवा लाइन्सला जातात. म्हणून त्यांचे काही सुटले असे आमच्या ध्यानातच येत नाही. महाविद्यालय पेढीपासून दोन कोसांवर, मग दुःख कशाचे?

दुःख अंतराचे नसते. कला, वाणिज्य आणि विज्ञान अशी तीन महाविद्यालये त्या एकाच आवारात नांदतात. तेथे लिंबायतच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा आणि आपल्या पेढीचा मुलगा एका बाकावर बसतात, एका कपातला चहा अर्धा अर्धा करून पितात. तीन वर्षे आपला मुलगा तेथे कोणाचाही 'शेठ' नसतो. माझ्या धाकट्या चिरंजीवाचा असाच एक खानदेशी मित्र निकालानंतर महिन्याभराने दुकानी आला. मुनीमजींनी सवयीप्रमाणे विचारले, "काय माल पाहिजे?" तो गडबडला, "काही नाही, सहज आलो होतो," म्हणाला. दोघे पायरीशी उभ्याउभ्याच चार शब्द बोलले. तो मित्र पुन्हा आला नाही. मुनीमजींचा दोष मुळीच नव्हता. दुकानाची रीतच तशी. पण त्या रात्री चिरंजीव ताटावरून अर्धपोटी उठला, तेव्हा पदवीबरोबर काय हातचे जाते ते मला समजले.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. नात बी. कॉम. झाली, आणि पेढ्यांचा डबा संपण्यापूर्वीच तिचे परिचयपत्रक छापून आले. ते हाती घेऊन ती हसत म्हणाली, "आजोबा, माझी पदवी उंचीच्या खाली आणि गोत्राच्या वर आली बघा." हसली खरी, पण तो कागद तिने उलटा करून ठेवला.

काही पालक म्हणतात, पदवीत आहे काय? आपल्या दक्षिण गुजरात विद्यापीठाला २००४ साली ज्याचे नाव दिले, त्या कवी नर्मदाला तरी कोठे पदवी होती? खरे आहे, नव्हती. एल्फिन्स्टनमधील शिक्षण अर्धे टाकून तो प्रपंचासाठी सुरतेस परतला, रांदेरला शिक्षक झाला. परंतु पुढे तो पुन्हा मुंबईस जाऊन त्याच शिक्षणाला लागला, हे मात्र कोणी सांगत नाही. पदवी त्याही खेपेस पुरी झाली नाही, ही गोष्ट निराळी.

आपला समाज विद्येला कृपण कधीच नव्हता. सुरतेत जन्मलेल्या शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. तो मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नावे राजाबाई टॉवर म्हणून १८७८ पासून उभा आहे. दान देण्यात आम्ही मागे नाही. स्वतःच्या मुलाला सहा महिने मोकळे देणे मात्र आम्हांस जड जाते.

अडचण मी जाणतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून दरमहा विवरणपत्रे भरावी लागतात, आणि संगणक येणारा मुलगा घरात असता पगारी माणूस का ठेवावा, असे वाटणे साहजिक आहे. पण नवा कोलम आला की आपण काय करतो? गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, भात चिकट होईल, जुना न्या. तांदळाला वखारीत वर्षभर मुरू देतो, आणि मुलाला मात्र निकालाच्या दुसऱ्या सकाळी गादीवर बसवितो.

म्हणून माझी सूचना अशी. निकालापासून निदान सहा महिने मुलाच्या हाती चावी देऊ नये. त्याने परक्याकडे नोकरी करावी, हिंडावे, मित्रांना घरी आणावे, आणि त्या मित्रांना ओटीवर नव्हे तर आत बसवावे. मुलीचे परिचयपत्रक एक वर्ष छापू नये, आणि छापावयाचे ते तिला विचारून. संघाच्या सत्कार समारंभात पाहुण्यांची तीन भाषणे होतात, त्यांपैकी दोन कमी करून तो वेळ पदवीधरांना बोलण्यासाठी द्यावा. पुढील समारंभापूर्वी कार्यकारिणीने या गोष्टीचा निर्णय करावा, अशी नम्र विनंती आहे.