छायाचित्रकाराचे दप्तर

चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागले, की मंगल कार्यालयवाले, आचारी, वाजंत्री आणि छायाचित्रकार या सर्वांचे दैव पंचांगाच्या स्वाधीन होते. कारण मुहूर्त मोजके आणि लग्ने उदंड, त्यामुळे एकेका तिथीवर दहा-दहा घरांचा डोळा असतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या भाचीच्या लग्नाला जेमतेम आठ दिवस उरले असता, ज्याला आम्ही चार महिन्यांपूर्वी विसार देऊन निश्चिंत झालो होतो, तो तरुण छायाचित्रकार खाली मान घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, त्याच तारखेचं दुसरं काम बाबांनी दुकानातल्या डायरीत लिहून घेतलं होतं, तुमचं माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच राहून गेलं.’’ मित्राला पाठवून त्याने वेळ निभावून नेली आणि फोटोही बरे आले. परंतु बापाची एक आणि लेकाची एक अशा दोन वह्या ज्या दुकानात नांदतात, तेथे खरी वही एकही नसते, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या पदरी पडली.

कलावंताने जमाखर्चात लक्ष घालणे हे त्याच्या प्रतिभेला उणेपणा आणणारे आहे, असा एक भोळा समज आपल्या समाजात रुजलेला आहे; छायाचित्रणाच्या इतिहासाची साक्ष मात्र नेमकी याच्या उलट आहे. ज्यांची गणना भारतातील अग्रगण्य छायाचित्रकारांत होते, त्या राजा दीनदयाळ यांनी आपल्या कारकीर्दीचा आरंभ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात केला, आणि पुढे सिकंदराबादेत व १८९६ साली मुंबईत चित्रशाळा थाटल्यावरही त्या खात्याची शिस्त त्यांच्या कामातून गेली नसावी. कारण त्यांच्या काचेच्या निगेटिव्हना क्रमांक दिलेले असत. १९८९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आपल्या संग्रहात घेतल्या. ज्या अभ्यासकांना आज त्या चित्रांचा काळ ठरवावयाचा असतो, त्यांना दीनदयाळांच्या दृष्टीइतकाच हा क्रमांकही उपयोगी पडतो.

तारखा, करार, पावत्या आणि वसुली सांभाळणारी जी सॉफ्टवेअरे आज छायाचित्रकारांपुढे मांडली जात आहेत, त्यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. चौकशीचा फोन आला, की नाव नोंदवावे, विसार जमा होताच ती तारीख सर्वांच्या मोबाइलवर बंद व्हावी, ‘कॅन्डिड’वाला कोण, व्हिडिओवाला कोण, ड्रोन कोणाचा, हे त्याच पानावर लागावे, एवढे जरी साधले तरी आमच्यासारख्यांची फजिती टळेल. या धंद्याची खरी नड मात्र लग्नानंतर सुरू होते. शेकडो फोटोंतून अल्बमसाठी निवड करून देण्याचे काम नवदांपत्याकडे असते. ते आज करू, उद्या करू म्हणता म्हणता दिवाळी येते, अल्बम छपाईला जात नाही, आणि अल्बम हाती पडल्यावाचून बाकी रक्कम द्यावयाची नाही असा रिवाज असल्याने छायाचित्रकाराचा पैसा अडकून पडतो. तगादा लावावा तर संबंध बिघडतात, न लावावा तर दुकान बिघडते. अशा प्रसंगी यंत्राने ठरल्या मुदतीला पाठवलेली सौम्य आठवण दोघांचीही अब्रू राखते.

‘ओळखीपाळखीच्या व्यवहारात हे कागद कशाला?’ असा आक्षेप जुनी मंडळी घेतात, आणि त्यामागील आपुलकी मला मान्य आहे. परंतु आपुलकीला कागदाचे वावडे असते, हे मला मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, ग्राहकच ठरतो. तरीही नववधूचे फोटो तिला न विचारता जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर झळकतात, आणि मग जो तंटा उभा राहतो त्याच्या मुळाशी दुष्टावा नसून न लिहिलेली एक ओळ असते. करारनाम्याचा नमुना एकदा नीट तयार करून ठेवला, तर प्रत्येक विसाराबरोबर ती ओळ आपोआप ग्राहकापुढे येईल. उलाढाल २० लाखांपलीकडे गेली, की जीएसटीचे विवरणपत्रही दारात उभे राहते, आणि त्या वेळी चिठ्ठ्याचपाट्यांची पिशवी कर सल्लागारापुढे उपडी करणे कोणालाच शोभत नाही.

तथापि कारकुनाला कारकुनाच्याच जागी ठेवावे. ही सॉफ्टवेअरे बहुधा मासिक वा वार्षिक भाड्याने मिळतात. भाडे थकले किंवा ती कंपनीच बुडाली, तर आपले दप्तर दुसऱ्याच्या कुलपात अडकू नये, म्हणून सर्व नोंदींची प्रत दरमहा आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिची एक जोडप्रत दुसऱ्या छपराखाली ठेवावी. कोलकात्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या जुन्या चित्रशाळेचा बहुमोल संग्रह १९९१ च्या आगीत भस्मसात झाला, हे विसरून चालणार नाही. शिवाय त्या नोंदींत लोकांचे पत्ते, फोन आणि लेकीबाळींचे चेहरे असतात. ते जपण्याची जबाबदारी २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने घातली आहे, आणि तो कायदा नसता तरी ती होतीच.

माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोमागे जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आणि शिसपेन्सिलीने घातलेला एक क्रमांक आहे. वडील गेल्यावर मोठी प्रत करून घ्यावी म्हणून तो फोटो घेऊन मी गावातल्या त्या दुकानी गेलो, तेव्हा गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थाने फोटोच्या दर्शनी बाजूकडे पाहिलेसुद्धा नाही. तो उलटा करून, क्रमांक वाचून, त्याने फडताळातून एक कापडी बांधणीची वही काढली, एका ओळीवर बोट ठेवले, आणि पाव तासात निगेटिव्ह माझ्यापुढे धरली. सॉफ्टवेअर विकणारा तुमच्या दुकानी आला, तर आणखी तीस वर्षांनी एखादा मुलगा असाच फोटो घेऊन आल्यास हे काम पाव तासात होईल काय, एवढेच त्याला विचारा.