माणसांविना घरे, घरांविना माणसे

जनगणनेला मराठीत ‘खानेसुमारी’ असा एक जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ घरांची मोजदाद. माणसांच्या मोजणीला ‘शिरगणती’ हा निराळा शब्द होता. आज ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आहेत, तरीही ती दोन स्वतंत्र टप्प्यांत होतात. आधी घरयादी तयार होते आणि मग माणसे मोजली जातात. परंतु निकाल जाहीर झाले की वर्तमानपत्रांत, सभागृहांत आणि सरकारी टिपणांत उरतो तो केवळ लोकसंख्येचा आकडा. खानेसुमारी मागे पडते. या विस्मरणाचे परिणाम ज्या भागांना विशेषत्वाने भोगावे लागतात, त्यांत मावळ तालुका आणि लोणावळा शहर यांची गणना करावी लागेल.

लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ साली ५५,६५० होती. २०११ साली ती ५७,६९८ झाली. दहा वर्षांत वाढ अवघी दोन हजारांची, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. याच दशकात शेजारच्या तळेगाव दाभाड्याची लोकसंख्या सुमारे एक तृतीयांशाने वाढली आणि पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. नुसता हा आकडा पाहणाऱ्याला लोणावळा थबकलेले गाव वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई काही तासांच्या अंतरावर आली. डोंगरउतारांवर बंगले उठले, सदनिकांच्या वसाहती झाल्या, हॉटेले वाढली. घरे वाढली, त्या प्रमाणात नोंदलेली माणसे वाढली नाहीत.

यात जनगणनेची चूक नाही. माणूस जेथे नेहमी राहतो तेथे त्याला मोजावे, हा गणनेचा नियम आहे. वरळीचा किंवा कोथरूडचा गृहस्थ आपल्या खंडाळ्याच्या बंगल्यात वर्षातून वीस दिवस येतो. त्याची नोंद वरळीला किंवा कोथरूडलाच होणार. बंगल्याच्या आवारातील खोलीत राहणारा माळी आणि त्याचे कुटुंब मात्र लोणावळ्याचे. नियम योग्यच आहे. प्रश्न असा, की त्या बंगल्याचे नळ, सांडपाणी, कचरा आणि त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता यांचा हिशेब कोणत्या आकड्यावर मांडायचा? पावसाळ्यातील रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर लोटणाऱ्या गर्दीचा भार तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. वित्त आयोगाच्या अनुदानात लोकसंख्या हा मुख्य निकष असतो. म्हणजे नगरपरिषदेला पैसा मिळणार तो राहत्या माणसांच्या हिशेबाने आणि खर्च करावा लागणार तो बंद घरांसाठी व पाहुण्यांसाठीही.

या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर जनगणनेच्याच दप्तरात आहे. घरयादी करताना प्रगणक प्रत्येक घर राहते आहे, रिकामे आहे की कुलूपबंद आहे, हे नोंदवितो. त्याचा उपयोग निवासासाठी, दुकानासाठी, हॉटेल-लॉजसाठी की कारखान्यासाठी होतो, हेही लिहितो. २०११ च्या गणनेत देशभर सुमारे ३३ कोटी घरांची नोंद झाली आणि त्यांपैकी जवळजवळ अडीच कोटी रिकामी निघाली. लोणावळ्यासारख्या गावाने आपल्या लोकसंख्येच्या तक्त्याशेजारी हा घरांचा तक्ता ठेवला, तर आपली मागणी ते पुराव्यानिशी मांडू शकेल. नियम बदलण्याची गरज नाही. दोन तक्ते एकत्र वाचण्याची आहे.

आता चित्राची दुसरी बाजू पाहावी. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतून कातकऱ्यांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. दिवाळीनंतर यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. माणसांची मोजणी होते ती फेब्रुवारीत. म्हणजे ज्या वेळी पाड्यावरच्या झोपडीचे दार ओढून घेतलेले असते, नेमक्या त्याच वेळी प्रगणक तेथे येतो. नियमाप्रमाणे त्या कुटुंबाची नोंद भट्टीवर व्हावयास हवी. ती झाली तरी माणसे दुसऱ्या गावाच्या, कदाचित दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर जातात. भट्टीपर्यंत कोणी पोहोचलाच नाही, तर ती कोठेच नसतात. देशाच्या बेरजेत असा फरक दिसतही नाही. परंतु पन्नास उंबऱ्यांच्या पाड्याच्या बेरजेत तो अंगणवाडी, रस्ता आणि नळयोजना यांचा निकाल लावतो.

एकाच तालुक्यात एकीकडे माणसांविना घरे आणि दुसरीकडे नोंदीतली घरे हरवलेली माणसे, असा हा विरोधाभास आहे. कुलूप दोन्ही दारांना असते. मात्र एक कुलूप संपत्तीचे आहे आणि दुसरे दारिद्र्याचे. ‘घर बंद’ एवढाच शेरा मारून पुढे जाणाऱ्या नोंदीला हा फरक कधीच कळणार नाही.

स्थानिक कामासाठी जनगणनेवर कशाला विसंबावे, असा आक्षेप घेतला जातो. घरपट्टीची नोंदवही आहे, शिधापत्रिका आहेत, मतदारयाद्या आहेत. परंतु या प्रत्येक नोंदीमागे कोणाचा ना कोणाचा लाभ वा तोटा उभा असतो. घरपट्टीत घर लहान दाखविण्याचा मोह होतो, तर शिधापत्रिकेत कुटुंब मोठे दाखविण्याचा. जनगणनेत दिलेल्या उत्तराचे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तीची नोंद गोपनीय ठरविली असून ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हा विश्वास हेच या मोजणीचे भांडवल आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे लांबली आणि हाती राहिली ती २०११ ची आकडेवारी. २०२५ अखेरच्या नगरपरिषद निवडणुकांची प्रभागरचनाही राज्यभर त्याच लोकसंख्येवर झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची मर्यादाही २०११ च्याच लोकसंख्येवरून ठरली. मधल्या काळात वडगाव मावळची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. जुने आकडे नव्या हद्दींना जुळत नाहीत, हे खरेच आहे. परंतु जुना आकडा सांभाळून वाचावा लागतो, एवढेच यावरून सिद्ध होते. आकडाच नको, असे सिद्ध होत नाही.

पुणे परिसराला या बाबतीत मोठी परंपरा आहे. डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या, त्या वेळी निव्वळ खेडे असलेल्या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे खंड १९४५ व १९५२ साली बाहेर आले. सरकारी आकड्यांशेजारी गावाने आपली पाहणी ठेवावी, हा धडा तेव्हाच घालून दिला गेला आहे.

नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली असून घरयादीच्या टप्प्याला एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरविला गेला आहे. नोंदी प्रथमच मोबाईलवर व्हावयाच्या आहेत. परंतु यंत्र बदलले म्हणून प्रश्न विचारणारा माणूस बदलत नाही. तो बहुधा प्राथमिक शिक्षक असतो, नाहीतर नगरपरिषदेचा वा तहसिलीचा कारकून. शिक्षकांवर लादल्या जाणाऱ्या शाळाबाह्य कामांविषयीची तक्रार रास्त आहे. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही जनगणनेचे काम त्यातून वगळलेले नाही. ते करावयाचेच असेल, तर त्याचे फळ गावाला मिळावे, असा आग्रह शिक्षकांनीच धरला पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. भट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांची पाडावार यादी पंचायत समितीने फेब्रुवारीपूर्वी करावी आणि भट्ट्या असलेल्या गावांतील प्रगणकांना त्या ठिकाणांची आगाऊ माहिती मिळेल, अशी व्यवस्था करावी. लोणावळा नगरपरिषदेने बंद व रिकाम्या घरांच्या संख्येला आपल्या पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात जागा द्यावी. आणि निकाल लागल्यावर गावाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर लागावा. १९५१ पासून निघत आलेली जिल्हा जनगणना पुस्तिका गावागावांची माहिती देते. ती उघडून आपले गाव शोधण्याची सवय मात्र लागलेली नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी आपल्या गावात घरे किती, नळ किती घरांत, शौचालय किती घरांत, हे त्या तक्त्यावरून वाचले आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहिले, तर नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ दुसरा नसेल.

ज्या गावाला आपली बेरीज ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याने केलेला भागाकार येतो. मावळाने आपली बेरीज स्वतः वाचावयास शिकले पाहिजे.